देव, धर्म आणि दुखऱ्या गोष्टींची कादंबरी बुक क्लबात कशी घ्यायची: इंदूरच्या नव्या मंडळींसाठी

इंदुरात मराठी बुक क्लब सुरू करायचा म्हटलं की दोन अडचणी ठरलेल्या. एक म्हणजे सगळ्यांना एकच पुस्तक मिळत नाही, आणि दुसरी म्हणजे खोलीत जमलेली निम्मी माणसं एकमेकांची नातेवाईक निघतात. पहिलीवर इलाज आहे. दुसरीवर तसा नाहीच, आणि कादंबरी देवाधर्माची नि कुणाच्या तरी मोडून पडण्याची असेल तर ती अडचण पहिल्याच बैठकीत सगळ्यांच्या मधोमध येऊन बसते. सुदामा नगरच्या काकूंची भाची लोकमान्य नगरात दिलेली, तिची जाऊ रामबागेतली, ती जाऊ तुमच्या क्लबात, आणि काकू पण तुमच्याच क्लबात. आता "सासरी धर्माच्या नावाखाली काय काय सोसावं लागतं" ह्या विषयावर कोण मोकळं बोलणार सांगा?

म्हणून हा लेख. बुक क्लब कसा चालवावा ह्यावर सल्ले भरपूर मिळतात, पण ते एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांसाठी असतात. आपल्याकडे उलटं आहे, सगळे सगळ्यांना जरा जास्तच ओळखतात.

पुस्तक आधी, माणसं नंतर

बरेच जण आधी ग्रुप बनवतात मग "कोणतं घ्यायचं" म्हणून महिनाभर घोळ घालतात. तसं करू नका, पुस्तक ठरवा आणि मग बोलवा, म्हंजे येणारा विषय माहीत असूनच येतो. अशा विषयाला हे फार महत्त्वाचं आहे.

पहिल्यांदा करत असाल तर माझं मत सरळ आहे: हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो'. जुनी आहे, भाषा थोडी अडखळवते, जाडजूड आहे, सगळं मान्य. पण बघा, यमू नावाची मुलगी स्वतःच स्वतःची गोष्ट सांगते, लहानपण, लग्न, नवऱ्याबरोबर मुंबईतले सुखाचे दिवस, मग वैधव्य आणि तिच्या मर्जीविरुद्ध झालेलं केशवपन. धर्म ह्या पुस्तकात कुठे प्रवचनात नाही, तो स्वयंपाकघरात, सोवळ्यात, थोरल्यांच्या तोंडी आहे. आणि सव्वाशे वर्षांहून जुनं असल्यामुळे आजच्या कुठल्या पक्षावर, बाबावर, पंथावर गाडी घसरायची शक्यता कमी. कमी म्हणाले, नाही म्हणाले नाही.

ती मिळायला पण सोपी. आपटे १९१९ साली गेले, आपल्याकडे लेखक गेल्यानंतर साठ वर्षं कॉपीराइट असतो, म्हणजे मूळ मजकुरावर आता कुणाचा हक्क नाही. स्कॅन डाउनलोड करा, प्रिंट काढा, आजीसाठी मोठ्या टाइपात काढा, काही हरकत नाही. फक्त एखाद्या नव्या आवृत्तीत कुणी प्रस्तावना किंवा टिपा लिहिल्या असतील तर त्या वेगळ्या, त्यांच्या झेरॉक्स वाटू नका. छापील प्रतीसाठी अहिल्या लायब्ररीत, महाराष्ट्र साहित्य सभेत विचारून बघा, आणि खरं सांगायचं तर आपल्या जुन्या मराठी घरांच्या माळ्यावर ती असतेच.

एक प्रॅक्टिकल गोष्ट, हिच्यावरून हमखास गोंधळ होतो: सगळ्यांकडे वेगवेगळी आवृत्ती असणार, तेव्हा पान नंबरावर काहीच ठरवू नका. प्रकरण नंबर सांगा. नाहीतर पहिली वीस मिनिटं "तुमच्यात कुठेय, माझ्यात नाहीये ते" ह्यात जातात.

किती जण, कुठे, कधी

सहा ते दहा. बाराच्या वर गेलं की दोघं बोलतात, बाकीचे मोबाइल बघतात.

नवरा-बायको दोघं येत असतील तर येऊ द्या पण शेजारी बसवू नका. सासू-सून एकाच क्लबात असतील तर... ह्या पुस्तकाला तरी दोघींना आधी वेगवेगळं विचारून घ्या, "तुम्हाला मोकळं वाटेल का?" असं, सरळ. एखादी म्हणेल मी पुढच्या पुस्तकाला येते, तर मान्य करा आणि कारण विचारू नका.

जागा घरची नको असं माझं मत. घरी यजमानीण सारखी उठते, आणि ज्यांच्या घरी बसलोय त्यांच्या देव्हाऱ्यासमोर देवावरचा राग कुणी बोलून दाखवणार नाही. विजय नगरचे कॅफे दिसायला छान पण आवाज फार, सत्तरीतल्या काकांना काही ऐकू येत नाही. सोसायटीचा छोटा हॉल, एखाद्या शाळेची रविवारची रिकामी वर्गखोली, वाचनालयाचा कोपरा, ह्यातलं काही बघा. दार बंद होणारं हवं, इतकीच अट.

वेळ रविवारी सकाळी अकरा ते साडेबारा. पोहे-जिलबी बैठकीच्या नंतर, आधी अजिबात नाही, आधी ठेवलेत तर शेव कुठली, जिलबी कुणाची, छप्पन बरं की सराफा, ह्यात चर्चा संपते आणि यमू बिचारी तशीच राहते. तारीख ठरवताना कॅलेंडर बघा: गणपतीचे दहा दिवस, पितृपक्ष, नवरात्र सोडा. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक असते, त्या दिवशी राजवाड्याच्या बाजूला पोचायचा विचारही करू नका. पितृपक्ष सोडायचं कारण गर्दी नव्हे बरं का, त्या दिवसांत ज्यांच्या घरी कुणी नुकतं गेलंय त्यांना हे पुस्तक जड जातं.

बोलावणं कसं लिहायचं

इथे लोक "या हं नक्की" एवढंच टाकतात. ह्या विषयाला ते पुरत नाही. पुस्तकात काय आहे ते आधीच सांगून टाका, गोष्ट फुटली तरी चालेल, सव्वाशे वर्षांच्या पुस्तकाचा कसला सस्पेन्स. साधारण असा मेसेज टाकता येईल, तुमच्या भाषेत करून घ्या:

"नमस्कार मंडळी. ह्या वेळी 'पण लक्षात कोण घेतो' वाचतोय. ह्यात लहान वयातलं लग्न, नवऱ्याचा मृत्यू, विधवेचं जबरदस्तीने केशवपन आणि घरातला छळ आहे. वाचताना जड गेलं तर मध्येच सोडलं तरी चालेल, तरी यायला हरकत नाही. बैठकीत स्वतःबद्दल काही सांगायची सक्ती नाही. खोलीत कुणी स्वतःचं काही सांगितलं तर ते खोलीतच राहील, घरी नवऱ्याला पण सांगायचं नाही."

शेवटचं वाक्य वाचून लोक हसतील, हसू द्या, पण काढू नका. आपल्याकडे गोष्ट फुटते ती मुद्दाम चहाडी म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा ती "अगं बिचारीचं काय झालं माहितीये का" अशा काळजीच्या सुरात फुटते आणि रात्री सराफ्यात गराडू खाता खाता चार घरांपर्यंत पोचते.

वाचायचं हप्त्यांनी

ही कादंबरी एका दमात वाचायला लिहिलेलीच नव्हती. आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' नावाचं साप्ताहिक काढलं, त्यात ती हप्त्याहप्त्यानं आली आणि १८९३ पर्यंत चालली. लोक आठवडाभर थांबून पुढचं वाचायचे. तर तुम्हीही तीन बैठका करा. पहिली यमूच्या माहेरची आणि लग्नाची, दुसरी सासर नि मुंबईची, तिसरी वैधव्याची आणि शेवटाची. तिसरीला घाई नको, तिला वेळ जास्त ठेवा.

मुंबईचा भाग गाळायचा मोह होतो, कारण तिथे "काही घडत नाही". गाळू नका. नवऱ्याबरोबर, म्हणजे रघुनाथरावांबरोबर यमू तिथे वाचते, शिकते, तिला माणूस म्हणून वागवलं जातं, आणि ते वाचलेलं नसेल तर पुढे तिच्याकडून नेमकं काय हिसकावलं गेलं ते कळतच नाही, मग तिसरी बैठक नुसती "अरेरे" करण्यात जाते.

पहिल्या बैठकीच्या आधी सगळ्यांना अर्ध्या पानाची टिपण द्या, जास्त नको. त्यात एवढं पुरे: विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याने मान्यता १८५६ मध्येच मिळाली होती. पंडिता रमाबाईंची विधवांसाठीची शाळा, शारदा सदन, १८८९ मध्ये मुंबईत निघाली. संमतिवयाचा कायदा १८९१ चा, त्याने शरीरसंबंधासाठीचं मुलीचं संमतीचं वय दहावरून बारा केलं, आणि तेवढ्यावरून पुण्यात रान पेटलं, टिळक विरोधात, आगरकर बाजूने. आणि १८९३ मध्ये, म्हणजे कादंबरी संपली त्याच साली, धोंडो केशव कर्व्यांनी शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई ह्या विधवेशी लग्न केलं. ह्या तारखा का द्यायच्या, तर कुणीतरी नक्की म्हणतं की "तेव्हा सगळीकडे तसंच होतं, त्यांना दुसरं माहीतच नव्हतं". माहीत होतं. कायदा येऊन तीस-पस्तीस वर्षं झाली होती. आता विचारा, की मग यमूच्या घरात तो का नाही पोचला? ह्या एका प्रश्नावर अर्धा तास जातो आणि फार चांगला जातो.

प्रश्न काढणं

मुख्य काम हेच. प्रश्न चुकले तर बैठकीचं कोर्ट होतं, नाहीतर दवाखाना.

"देव आहे का?" असला प्रश्न नको. "धर्म वाईट की माणसं वाईट?" हा तर मुळीच नको, ह्याची उत्तरं सगळे घरूनच आणतात आणि तीच घेऊन परत जातात. "तुमच्या बाबतीत असं कधी झालंय का?" हा प्रश्न प्रेमाने विचारला तरी नको. ज्याला सांगायचंय तो न विचारता सांगतो, आणि ज्याला नाही सांगायचं त्याला सगळ्यांदेखत नाही म्हणावं लागतं, ते "नाही" ऐकून पण लोक अंदाज बांधतात.

प्रश्न पुस्तकातल्या एका प्रसंगाला बांधलेला हवा. मी चार गोष्टी वेगळ्या करून विचारते, कारण "श्रद्धा" म्हणून आपण सगळं एकाच पिशवीत कोंबतो. ह्या प्रसंगात माणसाचा स्वतःचा विश्वास बोलतोय का? की घराण्याची रीत? की धर्माचं नाव घेऊन कुणी आपलं चालवून घेतंय? की देवावर रुसणं आहे? यमूच्या सासरचे थोरले शंकरमामंजी, त्यांचा कुठलाही प्रसंग घ्या आणि हा प्रश्न टाका. बहुतेक सगळे म्हणतील तिसरं, आणि मग एखादी आजी म्हणेल "नाही गं, त्यांना ते खरंच वाटत असेल", आणि तिथून खरी चर्चा सुरू होते. आजीला तोडू नका. मनापासून मानून केलेला छळ आणि ढोंगाने केलेला छळ, सोसणाऱ्याला फरक पडतो का, हे विचारा.

अजून काही चालणारे प्रश्न. केशवपनाच्या वेळी घरातल्या बायका कुठे असतात, काय करतात? यमूची मैत्रीण दुर्गी, तिचं दुःख आणि यमूचं दुःख वेगळं कशात आहे, दुर्गीचा तर नवरा जिवंत आहे? यमू हे सगळं आपल्याला सांगतेय म्हणजे ती ते लिहू शकली, मग कुठल्या जागी ती थांबते, घाईने पुढे जाते, विषय बदलते? हा शेवटचा माझा आवडता, कारण ज्या माणसावर फार काही गुदरलेलं असतं त्याच्या सांगण्यातच तुटकपणा असतो, आणि तो दुसऱ्याच्या आयुष्यात शोधायला जाण्यापेक्षा पुस्तकात शोधणं बरं.

कुणीतरी "हिला पीटीएसडी (मोठ्या आघातानंतरचा मानसिक आजार) झालाय" म्हणून निदान करेल. हे निदान अमेरिकन मानसोपचारवाल्यांच्या यादीत १९८० मध्ये आलं, आपटे त्याच्या नव्वद वर्षं आधी लिहीत होते. निदान नको, तिला काय होतंय ते तिच्याच शब्दांत कुठे आलंय ते वाचून दाखवा म्हणा.

इंदुरात हमखास येणारा मुद्दा

अहिल्याबाई. येणारच. कुणीतरी छाती काढून म्हणेल, "आपल्या देवी अहिल्याबाई पण विधवा होत्या, केवढं राज्य केलं, यमूने पण हिंमत धरायला हवी होती." ह्याची तयारी ठेवा, कारण उत्तर देताना सूर चुकला तर समोरच्याला वाटतं तुम्ही अहिल्याबाईंना कमी लेखताय, आणि इंदुरात ते कोण ऐकून घेईल भिया.

तेव्हा वाद न घालता गोष्ट पुढे न्या. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव गेले, अहिल्याबाई सती जायला निघाल्या, आणि सासरे मल्हाररावांनी त्यांना थांबवलं, कारभारात घेतलं. मग १७६७ ते १७९५ त्यांनी राज्य सांभाळलं, शिवभक्ती शेवटपर्यंत तशीच. आता विचारा: मल्हाररावांच्या जागी शंकरमामंजी असते तर? घरातल्या एका थोरल्या माणसाने काय केलं ह्यावर बाईचं पुढचं सगळं ठरलं, दोन्हीकडे. आणि हेही बघा की अहिल्याबाईंची श्रद्धा त्यांच्या हातात होती, घाट-देवळं त्यांनी स्वतःच्या मर्जीने बांधली, यमूकडे तसं काय होतं? असं विचारलं की ज्याने मुद्दा काढला तोच पुढे बोलू लागतो, आणि कुणाचा पाणउतारा होत नाही.

बैठकीच्या दिवशी

पहिली पाच मिनिटं नियम परत बोलून दाखवा, लिहिलेले असले तरी. कुणीही कुठल्याही प्रश्नाला "पास" म्हणू शकतं, उठून बाहेर जाऊन येऊ शकतं, कुणी मागे जाणार नाही. (पाण्याचा जग आणि टिश्यू दाराजवळ ठेवा, टेबलाच्या मधोमध नको, मधोमध ठेवले की सगळे एकमेकांकडे "आता कोण रडणार" असं बघतात.)

मग कुणी तरी एक उतारा मोठ्याने वाचायचा. जुनी भाषा कानाने लवकर कळते. केशवपनाचा प्रसंग मात्र मोठ्याने वाचायला लावू नका, सगळ्यांनी मनात वाचलेला आहे, तेवढं बास.

नंतर एक फेरी, प्रत्येकाने एकच वाक्य, कुठला प्रसंग डोक्यातून गेला नाही एवढंच. इथे वयाने मोठ्यांपासून सुरुवात करायची आपली सवय, ती ह्या वेळी मोडा, सगळ्यात लहान मुलीपासून सुरू करा, कारण काका एकदा बोलले की मग पुढचे सगळे "काका म्हणाले तसंच" म्हणतात.

अडलं की काय बोलायचं

काका प्रवचन देऊ लागले, वेद, मनुस्मृती, गोमुख, सगळं आलं. "काका, हे नंतर पोह्यांवर नक्की ऐकायचंय, आत्ता ह्यातलं यमूच्या घरात कुणाच्या तोंडी आहे ते दाखवाल का?" बहुतेक काका पुस्तक उघडतात.

कॉलेजमधला मुलगा म्हणाला, सगळं थोतांड आहे, देवबिव काही नसतो. त्याला गप्प करू नका, खोलीतल्या कुणाला तरी तेच म्हणायचं असतं. फक्त म्हणा, "तुझं कळलं, यमूला असं कुठे वाटतं का ते शोधून दे." मग तोच शोधतो, आणि हवं तसं सापडत नाही तेव्हा त्याला जास्त प्रश्न पडतात.

दोघांची जुंपली तर दोन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून पुस्तक चाळायचं. थोडं शाळेसारखं वाटतं पण चालतं.

आणि कुणी स्वतःचं सांगू लागलं आणि आवाज भरून आला, तर. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची एक मार्गदर्शिका आहे, संकटातल्या माणसाला प्रथमोपचार म्हणून मानसिक आधार कसा द्यावा ह्याची, तिचं सार म्हणजे बघा, ऐका, जोडून द्या. बघा म्हणजे ही व्यक्ती सुरक्षित आहे ना, तिला आत्ता काय हवंय. ऐका म्हणजे जेवढं सांगते तेवढंच, "मग काय झालं, कोण होतं, कधी" असं खोदायचं नाही, तपशील उकरून काढल्याने माणूस हलका होतोच असं नाही. जोडून द्या म्हणजे तिच्या विश्वासाच्या माणसाशी, किंवा गरज दिसली तर डॉक्टरशी. तुम्ही एवढंच म्हणा: "ताई, सांगितलंत, ऐकलं आम्ही. थांबायचं का, पुढे जायचं, की बाहेर बसायचं थोडं? माझ्याबरोबर या हवं तर." मग ती म्हणेल ते.

न म्हणायची वाक्यं पाठच करून ठेवा, कारण ती तोंडातून आपोआप निघतात: "देव परीक्षा बघतो", "पूर्वजन्मीचं असेल काही", "झालं गेलं विसरून जा", "माझं ऐक, माझ्या आत्याचं तर ह्याहून वाईट झालं होतं". आणि त्याच चालीचं दुसऱ्या बाजूचं, "तरी तू अजून देवाला मानतेस?" हे पण तितकंच वाईट. जिचं दुःख आहे तिचा देव तिच्यापाशी राहू द्या, तो काढून घ्यायला किंवा परत द्यायला आपण जमलेलो नाही.

केंद्र सरकारची टेली मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, हिंदीत बोलता येतं. हा नंबर बैठकीच्या आधीच सगळ्यांच्या टिपणीत खाली छापून टाका. रडणाऱ्या एकीच्या हातात सगळ्यांसमोर चिठ्ठी देण्यापेक्षा ते बरं. आणि एखादीच्या बोलण्यातून जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार डोकावला तर गुप्ततेचा नियम तिथे संपतो, तिला एकटीने घरी पाठवू नका, आणि ती सांगेल त्या जवळच्या माणसाला तिच्या समोरच फोन लावा.

संपल्यावर

दुसऱ्या दिवशी, जिने काही सांगितलं तिला एकट्याने साधा मेसेज करा. ग्रुपवर नाही! ग्रुपवर "काल फार इमोशनल झालं, हॅट्स ऑफ ताई" असं कुणी टाकलं तर ॲडमिनने ते लगेच काढायचं. फोटो पण पोह्यांचे टाका, चर्चेचे नको.

दोन-चार जण दुसऱ्या बैठकीला येणार नाहीत. फोन करून कारण उकरू नका, पुढच्या पुस्तकाचं बोलावणं नेहमीसारखं पाठवा.

पुढचं पुस्तक म्हणाल तर लगेच ह्याच विषयावर नको, मध्ये एखादं हलकं, विनोदी काहीतरी घ्या. आणि चार-सहा महिन्यांनी मंडळी तयार असतील, इंग्रजी वाचायला सगळ्यांची हरकत नसेल, तर शुसाकु एंडो ह्या जपानी कॅथलिक लेखकाची १९६६ ची 'सायलेन्स'. सतराव्या शतकातला जपान, ख्रिस्ती धर्मावर बंदी, लपून आलेला पोर्तुगीज पाद्री, आणि त्याला सांगतात की येशूच्या चित्रावर पाय दे म्हणजे ह्या गावकऱ्यांचा छळ थांबवतो. त्यात देव आपला नाही, पाद्री आपला नाही, गाव आपलं नाही. त्यामुळे होतं असं की आपट्यांच्या वेळी गप्प बसलेली माणसं ह्या वेळी बोलतात. तेव्हा त्या बैठकीला अर्धा तास जास्त धरा आणि पोहेवाल्याला एकची वेळ सांगा.